हिंजवडीचा कोड, पौडचा सातबारा

हिंजवडीच्या आयटी पार्कात बसलेली एखादी टीम परदेशातल्या बँकेचा जुनापुराणा कोबोल कोड सांभाळत असते. ती ज्या जमिनीवर बसलेली असते ती येते मुळशी तालुक्यात, आणि तालुक्याचं ठिकाण पौड. म्हणजे वर काचेच्या इमारतीत पिढीजात सॉफ्टवेअर आणि खालच्या जमिनीची सगळी कुळकथा मुळेकाठच्या पौडच्या तहसील कचेरीच्या ताब्यात. 'लिगसी सिस्टिम' म्हणजे फक्त आपल्याच डोक्याला लागलेला ताप, असं आयटीवाल्यांना वाटतं. त्यांनी एकदा माण, घोटावडे करत पौडला जावं आणि एखाद्या मुरलेल्या तलाठी भाऊसाहेबांशेजारी तासभर बसावं. जुनी सिस्टिम वाचणं, चालू ठेवणं आणि मोडून नव्यानं उभी करणं ही तिन्ही कामं महसूल खातं संगणक येण्याआधीपासून करत आलंय. आता तर संगणकासकट करतंय. त्यातल्या काही गमती, थोड्या पौडच्या आणि थोड्या जगभरच्या.

सात आणि बारा, मग मधले कुठे गेले?

कुठेही गेले नाहीत, दप्तरात आहेत. गावचं महसुली दप्तर म्हणजे १ ते २१ अशा नंबरांचे गाव नमुने. ब्रिटिश अमदानीत अँडरसन नावाच्या अधिकाऱ्यानं या हिशेबांचं जे मॅन्युअल रचलं, त्याची चौकट अजून टिकून आहे. त्यातला नमुना ७ हा अधिकार अभिलेख, म्हणजे जमीन कोणाची. नमुना १२ ही पिकांची नोंदवही, म्हणजे तिच्यात काय पिकतं. मधल्यांपैकी आठ-अ खातेदारांना तोंडपाठ असतो. नऊ आणि दहामध्ये पावत्या आणि चलनं.

सात आणि बारा ही मुळात दोन वेगळी कोष्टकं. सर्व्हे नंबर दोन्हींत सामाईक, म्हणून ती एका कागदावर आली. डेटाबेसवाले याला 'जॉइन' म्हणतात. एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना १९७० साली मांडली. आपल्याकडचे शेतकरी त्याच्या किती आधीपासून जॉइन केलेला उतारा खिशात घालून बँकेत जात होते!

पुसायचं नाही, कंस करायचा

हा माझा सगळ्यात लाडका भाग, म्हणून थोडा रेंगाळतो.

जमीन विकली, वाटणी झाली, कोणी वारलं, की सातबाऱ्यावर थेट काही लिहिता येत नाही. आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे नमुना ६ मध्ये, नोंद धरावी लागते. तिला नंबर पडतो. हितसंबंध असलेल्यांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. मग ती नोंद तलाठ्यानं नव्हे, मंडळ अधिकाऱ्यानं, म्हणजे गावच्या भाषेत 'सर्कल'नं, मंजूर करायची. त्यानंतरच सातबाऱ्यावर नवं नाव चढतं आणि शेजारी फेरफाराचा नंबर वर्तुळात बसतो. जुनं नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात. पन्नास वर्षांनी आलेल्या वकिलाला कंसातलं नाव दिसतं, वर्तुळातला नंबर दिसतो. तो नंबर धरून मागे मागे जात तो थेट आजोबांच्या पणजोबांपर्यंत पोहोचतो.

आता हिंजवडीत या. प्रोग्रॅमर थेट मुख्य कोडमध्ये बदल घुसवू शकत नाही. बदलाची नोंद होते, तिला ओळख क्रमांक मिळतो. दुसरा कोणीतरी ती तपासतो, हरकत असेल तर घेतो, मग मंजुरी. जुनं रूप इतिहासात शाबूत राहतं. हे काम ज्या 'गिट'वर चालतं ते लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलं. मुंबई इलाख्यातला हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. मधल्या १०२ वर्षांचं पेटंट कोणीच घेतलं नाही.

फरक एकच आणि तो गावाच्या बाजूनं. सॉफ्टवेअरमध्ये हरकत घेणारा बहुधा सहकारी असतो. इथे चुलतभाऊ असतो.

पहिली फसलेली सिस्टिम: मुक्काम इंदापूर

पुणे जिल्ह्यात सिस्टिम नव्यानं लिहिण्याचा पहिला मोठा प्रकल्प कोसळला तो १८३० च्या आसपास. प्रिंगल या तरुण अधिकाऱ्यानं इंदापूर भागापासून जमिनीची मोजणी आणि प्रतवारी सुरू केली. डोक्यात पुस्तकी अर्थशास्त्र पक्कं. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याच्या ५५ टक्के सारा लावायचा. कागदावर हिशेब फार देखणा होता. जमिनीवर मात्र मोजणीत चुका, कारकुनांचे हात ओले आणि आकडे रयतेच्या ऐपतीबाहेर. लोकांनी शेतं टाकली आणि निघून गेले.

मग गोल्डस्मिड आणि विंगेट ही जोडी १८३५ मध्ये त्याच इंदापुरात उतरली. त्यांनी प्रिंगलची मोजणी पूर्ण फेकून दिली नाही. वापरता येण्याजोगी होती तिथे ती दुरुस्त करून ठेवली. बदलली ती आकारणीची रीत. निव्वळ उत्पन्नाचं गणित सोडून दिलं, मातीचे नऊ वर्ग धरले आणि सारा तीस वर्षांसाठी कायम केला. १८३६ मध्ये ही पद्धत लागू झाली आणि पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालानं ती मुंबई इलाख्याची पद्धत ठरली. आज कोणाच्याही शेताचा 'आकार' म्हणून जी रुपये-पैशांची किरकोळ रक्कम उताऱ्यावर दिसते, तिची मुळं त्या दुरुस्तीत आहेत.

आयटीत या सबंध प्रकाराला 'रीइंजिनिअरिंग' म्हणतात. चिकॉफ्स्की आणि क्रॉस यांनी १९९० मध्ये एका लेखात या शब्दाची नेमकी व्याख्या ठरवून दिली: आधी असलेलं समजून घ्यायचं, मग त्याचं रूप बदलायचं. प्रिंगलनं दुसरी पायरी केली, पहिली राहिली.

पुनर्लेखनात नाव राहून गेलं

मुळशीतच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात हे वाक्य ऐकायला मिळेल. हाती लिहिलेल्या सातबाऱ्याचे रकाने काही वर्षांत भरून जात. मग साधारण दर दहा वर्षांनी नव्या पुस्तकात तो उतरवून काढायचा. उतरवताना एखादी बहीण गळायची, 'इतर हक्कां'तलं एखादं कूळ गळायचं, दहा आरांचा एक आर व्हायचा. त्यात कोणाचा डाव असायचा आणि कोणाला नुसती डुलकी लागलेली असायची, हे ठरवण्यात कोर्टाची वर्षं जातात. अशा लेखनप्रमादांसाठी जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे. बग दुरुस्तीसाठीचं राखीव कलमच म्हणा ना.

प्रोग्रॅमरही 'सगळं नव्यानं लिहू या' असं दर दोन वर्षांनी म्हणतो. नेटस्केप कंपनीनं खरंच तसं केलं. तिच्या ब्राउझरची पाचवी आवृत्ती कधी बाहेरच आली नाही; सहावी आली ती २००० च्या नोव्हेंबरमध्ये. तोवर मैदान मायक्रोसॉफ्टनं मारलं होतं. जोएल स्पोल्स्की यांनी त्याच वर्षी एक गाजलेला लेख लिहून याला सर्वात घोर चूक ठरवलं. जुन्या कोडमधली ती वाकडीतिकडी ओळ उगाच नसते, कोणत्या तरी गिऱ्हाइकाच्या कोणत्या तरी रडगाण्यातून ती आलेली असते, असं त्यांचं म्हणणं. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्कां'च्या रकान्याबद्दल हेच शब्दशः खरं आहे. विहिरीतला अर्धा हिस्सा, जायचा-यायचा रस्ता, सोसायटीचा बोजा हे सगळं तिथे कोंबलेलं असतं. दिसायला बेंगरूळ, पण गळलं की डोकी फुटतात.

गावानं केलेलं टेस्टिंग

राज्यातले अडीच कोटींहून अधिक सातबारे संगणकावर चढवले, तेव्हा साहजिकच प्रश्न आला की हस्तलिखित आणि संगणकीकृत उतारा तंतोतंत जुळतो हे तपासायचं कसं? पुण्याच्या एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या ई-फेरफार प्रणालीला जोडून आधी 'एडिट मॉड्यूल' आलं. त्यानंही भागेना, तेव्हा 'री-एडिट मॉड्यूल' आलं. (तिसऱ्याचं नाव काय ठेवतील, यावर तेव्हा बऱ्याच चावड्यांवर विनोद झाले असणार.) विसंगती शोधणारे अहवाल आले. क्षेत्राची बेरीज जुळत नाही, खातेदाराला खाते क्रमांक नाही, असे दोष संगणकच ओळखून दाखवू लागला, आणि ते अहवाल निरंक करणं हे तलाठ्यांचं नवं व्रत झालं.

पण संगणकाला बेरीज कळते, बेबीताई की बेबाबाई हे कळत नाही. म्हणून २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम निघाली. उतारे गावासमोर मोठ्यानं वाचायचे आणि चुका लोकांनी सांगायच्या. मायकल फेदर्स यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात 'ज्याला चाचण्या नाहीत तो लिगसी कोड' अशी सडेतोड व्याख्या केली होती. आपल्याकडे चाचणी घ्यायला अख्खं गाव चावडीवर. यापेक्षा कडक टेस्टिंग टीम मला तरी माहीत नाही, कारण तिच्यातला प्रत्येक जण वाटेकरी असतो.

गुंठा आणि आर: फरक फक्त फ्लॅटएवढा

जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटी, तिचे १६ आणे. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. पुढे दशमान पद्धत आली आणि उताऱ्यावर हेक्टर-आर आले. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा १०१.१७. 'जवळपास सारखंच की' असं म्हणून चुटकीसरशी सोडून द्यावं, तर १०० गुंठ्यांमागे सव्वा आराच्या आसपास, म्हणजे साडेबाराशे चौरस फुटांचा फरक पडतो. मुळशीच्या आजच्या भावानं तो किती रुपयांचा होतो, हे पिरंगुटच्या कुठल्याही एजंटाला विचारा.

एककांची सरमिसळ मोठमोठ्यांना भोवली आहे. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झालं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर पौंडात हिशेब करत होतं आणि दुसऱ्या बाजूचं न्यूटनमध्ये.

नंबरच बदलले!

डेटाबेसमध्ये एक अलिखित कायदा असतो: ज्या नंबरानं वस्तू ओळखली जाते, तो बदलू नये. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानं नेमकं तेच केलं. एकत्रीकरण झालेल्या गावांत विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले आणि जुना सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला. शेजारच्या एखाद्या गावात ते झालंच नाही, तिथे अजून सर्व्हे नंबर. त्यामुळे जुना दस्त घेऊन आलेला माणूस आधी विचारतो, 'साहेब, हा सर्व्हे नंबर म्हणजे आताचा गट कुठला?' मग एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा काढायचा. जुनी ओळख ते नवी ओळख असं हे कोष्टक ज्या प्रकल्पात हरवतं, तो प्रकल्प बुडाला समजा, मग तो तहसिलीतला असो वा बँकेतला.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५० लाख गिऱ्हाइकांची खाती एका शनिवार-रविवारात नव्या सिस्टिमवर नेली. सोमवारी जवळपास १९ लाख लोक आपल्याच खात्याबाहेर उभे होते. काहींना दुसऱ्यांचीच खाती दिसली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला.

एक ऑगस्ट

महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, त्या दिवशी महसूल दिनही साजरा होतो. सरकारचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला, कॅलेंडर १ जानेवारीला. जुन्या कागदात शके असतात, मराठवाड्याच्या कागदात फसली सन असतो. शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, तरी एखाद्या महिन्याचा घोळ उरतोच. 'वर्ष' या एका रकान्यासाठी किती प्रश्न विचारावे लागतील, ते अनुभवी माणसालाच सुचतं.

२०१२ च्या १ ऑगस्टला मात्र न्यूयॉर्कमध्ये वेगळाच महसूल गोळा झाला. नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीनं आठ सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम चढवला. खरं तर सातांवरच चढला. आठव्यावर 'पॉवर पेग' नावाचा, २००३ पासून न वापरलेला जुना कोड पडून होता आणि नव्या प्रोग्रॅमसाठी वापरलेल्या खुणेनं नेमका तोच जागा झाला. ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. मेलेला कोड मेला म्हणून ठेवून द्यायचा नसतो, त्याचं क्रियाकर्म करावं लागतं.

हे शिकलो कुठे? इथेच

भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीची सुरुवात चकाचक नव्या कामानं झाली असं कोणाला वाटत असेल, तर ऐका. टीसीएसचं सत्तरच्या दशकातलं पहिलं परदेशी काम जुन्याचं नवं करण्याचंच होतं. बरोज कंपनीच्या एका जातीच्या यंत्रावरचा रुग्णालयाच्या हिशेबाचा कोबोल प्रोग्रॅम दुसऱ्या जातीच्या यंत्रावर न्यायचा. गंमत म्हणजे ते दुसरं यंत्र मुंबईत नव्हतंच. आयसीएल १९०३ या भलत्याच संगणकावर भाषांतर करणारा प्रोग्रॅम लिहून त्यांनी ते पार पाडलं. पुढे १९८१ मध्ये फकीरचंद कोहली यांच्या पुढाकारानं पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था निघाली, आणि प्रोग्रॅम वाचणारे, उलगडणारे, नव्यानं लिहून देणारे प्रोग्रॅम बनवणं हा तिच्या कामाचा मोठा भाग झाला. म्हणजे 'सपोर्ट प्रोजेक्टमध्ये टाकलंय' म्हणून हिंजवडीतली जी मंडळी तोंड पाडतात, त्यांनी हा घरंदाजपणा जरूर मिरवावा.

कोबोल आणि मोडी

एप्रिल २०२०. कोरोनामुळे न्यू जर्सीत बेकारी भत्त्याच्या अर्जांचा महापूर आला आणि चाळीस वर्षांहून जुनी यंत्रणा धापा टाकू लागली. गव्हर्नर फिल मर्फी यांनी जाहीरपणे कोबोल जाणणारे स्वयंसेवक मागितले. कोबोलचा जन्म १९५९ चा.

२०२३. जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि महाराष्ट्रभरच्या कचेऱ्यांत एकच शोध सुरू झाला: मोडी लिपी वाचणारा कोणी आहे का? कालपर्यंत ज्यांना छंदिष्ट समजत होते, ते मोडी वाचक रातोरात व्हीआयपी झाले.

दोन्हीकडे कागद शाबूत होते, यंत्रं चालत होती. वाचणारी माणसं निवृत्त झाली होती. देखभाल करणाऱ्या प्रोग्रॅमरचा निम्म्याच्या आसपास वेळ नुसता आधीचा कोड समजून घेण्यात जातो, हे सॉफ्टवेअरच्या जुन्या अभ्यासांपासून सांगितलं जातं. मोडीत तर एक ओळ लागली की आनंदानं चहा मागवतात.

आणि अक्षरांचं म्हणाल, तर 'सातबाऱ्याचा' हा शब्दच पाहा. त्यातला 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन वेगळ्या रीतींनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पोटात वेगळे. कुऱ्हाडे किंवा गोऱ्हे आडनावाच्या माणसाचं नाव समोर दिसत असूनही शोधात सापडत नाही, त्यामागे अनेकदा हे एवढंसं अक्षर असतं.

नाव बदललं, भाऊसाहेब तेच

२०२४ मध्ये तलाठ्याचा 'ग्राम महसूल अधिकारी' झाला. पौडच्या आवारात तरी हाक अजून 'भाऊसाहेब' अशीच पडते.

पुढची तारीख लिहून ठेवा

१९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या आकड्यात मोजणारी जुनी यंत्रं अजून पुष्कळ आहेत. तो आकडा २,१४७,४८३,६४७ वर भरतो. ती वेळ आहे मंगळवार, १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते मांडणाऱ्या प्रोग्रॅमला ही भिंत २०१८ पासूनच समोर दिसू लागली, म्हणून शहाण्यांनी ६४ बिटांचं काम कधीच उरकलं. ज्यांनी उरकलं नाही, त्यांची यंत्रं पुढच्या सेकंदाला उलटी फिरून थेट डिसेंबर १९०१ मध्ये जातील. तिथे पोहोचून कोणी उतारा मागितला, तर मिळणार नाही. हक्कनोंदीचा कायदा यायला अजून दोन वर्षं अवकाश असेल.